सव्वातीनच्या चपला

ता. १४, मंगळवार
गॅरेजचं ऑफिस, दुपार

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. तुझे वकील कागदावर तुझ्यामागे 'माजी' लावतात. लावू देत, त्यांचं पोट आहे त्यावर. मी सूनबाईच म्हणणार. आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेही लिहितो.

त्या सहलीला खरं काय लागलं, ते आज सकाळी एकदा मांडून बघितलं. तंबू दोन, तेही एका गिऱ्हाइकाचे, उसने. मुक्काम ठरला तीन रात्रींचा, झाला नऊ. शोधाला एकशे दहा माणसं, चार कुत्री, दोनदा विंचरलेलं तळं. पोलीस ठाण्यातले तुझे अकरा दिवस. एक संसार. तुझ्या सासूबाईंची ब्लडप्रेशरची गोळी अर्धीची दोन झाली. आणि हाती आलं काय, तर डाव्या पायाचा एक पिवळा मोजा. तंबू मात्र परत केले, धुऊन.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिलं चार पानी, दुसरं एक पानी, तिसरं एका ओळीचं. 'बाबा, त्या दिवशी तुम्ही काय ऐकलंत ते कृपया लिहून पाठवा.' चार पानांपेक्षा ते 'कृपया' जास्त लागलं गं. नऊ वर्षं घरात होतीस. 'बाबा, गॅस बंद करा', 'बाबा, पाय पुसून या' असंच बोलायचीस.

ठकीचा पुढचा दात आला. दुसरीत गेली. अक्षर तुझ्यावर गेलंय, हिशेब माझ्यावर. गॅरेजची तिसरी शाखा उघडली. परवाच एक गाडी आली, हेडमिस्त्री अर्धा तास बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसला होता. मी केबिनमधून ओरडलो, "अरे, पुढे काय शोधतोस? मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग बघ!" निघालं बेअरिंगच. पोरं म्हणतात, मालकांचे कान मेल्यावर दान करायला हवेत. म्हटलं, जिवंत आहे तोवर नजर ठेवू नका.

बरं. आता तू विचारलंस ते. तुझ्या वकिलाला काहीच माहीत नाही असं धरून लिहितो.

सहलीचा दुसरा दिवस. जेवणं झाली होती. भुंगा तंबूत झोपला होता. तुझा धाकटा, बावीस महिन्यांचा. सतत तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. ठकी होडीसाठी मागे लागली होती. तू दोन रात्री त्याच्यापायी जागलेली, डोळे लाल. म्हणालीस, मी इथेच पडते.

"जा गं, जरा वारा खाऊन ये. मी बसलोय ना खुर्ची टाकून."

"बाबा, तुमचा डोळा लागला तर?"

"माझा? चेन बोटभर सरकली तरी मला कळेल. मुंगी बाहेर पडली तरी विचारीन तिला, कुठे चाललीस म्हणून."

तू हसलीस. तंबूची चेन वरपर्यंत ओढलीस आणि त्यांच्याबरोबर गेलीस. तेव्हा दीड वाजला होता. होडीत तिघांचीच जागा होती. तुझा नवरा, सासूबाई आणि ठकी बसले. तू काठावर झाडाखाली एकटीच पडलीस, आणि तुला तिथे कुणी पाहिलं नाही. हे पुढे तुझ्या मुळावर आलं.

साडेतीनला तू आलीस. चेन हातभर उघडी. आत नुसती चादर.

शोधपथकाची प्रमुख, ती टोपीवाली बाई, जवळच्या चौकीतून दहा मिनिटांत आली. आपल्याच गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. तोवर होडीतले तिघेही धावत आले होते.

"मूल शेवटचं कुणी पाहिलं?"

"पाहिलं नाही, ऐकलं," मी म्हणालो. "सव्वातीनला. गुणगुणत होता."

"घड्याळ बघितलंत?"

"माझ्या कानांना घड्याळ लागत नाही, बाई."

तिने कंपास काढला आणि वर्तुळ आखलं. एवढंसं पोर अर्ध्या तासात जेवढं तुरुतुरु जाईल, तेवढं. चारच्या सुमारास त्या वर्तुळाच्या कडेने माणसं उभी राहिली. मग ती म्हणाली, "वरपर्यंत लावलेली चेन त्याच्या हाताला येणार नाही. उघडली कुणी?"

तुझा नवरा म्हणाला, "बाबांना विचारा. त्यांना सगळं ऐकू येतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. तूही. खुर्चीत पोर सांभाळायला बसवलेला मी एकटाच होतो. मी म्हणालो, "चेनच्या आधी चपला वाजल्या. रबरी. डावीचा पट्टा सैल."

"कुणाच्या?"

मी नाव घेतलं नाही. तुझ्या पायांकडे बघितलं, इतकंच. 'मी नाव घेतलं नाही' या एका वाक्यावर मी वर्षभर दोन वेळ जेवलोय.

रात्री पाऊस झाला आणि कुत्र्यांना वास उरला नाही. चौथ्या दिवशी मोजा सापडला, तो वर्तुळाच्या बाहेर, ओढ्यापलीकडे. बाई म्हणाली, अर्ध्या तासात हे मूल इथवर चालत येणं शक्यच नाही, कुणीतरी उचलून आणलंय. सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. दोन तास मिळाले तर ते सहज तिथवर पोचतं, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. मोटारगाड्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला वेळ आणि अंतर शिकवावं लागत नाही. मी गप्प राहिलो. ओढ्याच्या बाजूला पहिल्या दिवशी एकही माणूस गेला नव्हता.

पोलीस ठाण्यातली ती परीक्षा तुला आठवत असेल. पडद्यामागून पाच बायका एकेक करून चालत गेल्या, पाचींच्या पायात रबरी चपला. मला डोळे मिटून ओळखायला सांगितलं. मी म्हणालो, "तिसरी." पडदा सरकला, तिसरी तूच होतीस. एक हवालदार "वा!" म्हणाला. सूनबाई, मला त्या क्षणी बरं वाटलं. तू खाली बसलीस, एका पोलीस बाईने तुला दंडाला धरून उठवलं, आणि मला आपलं उत्तर बरोबर आल्याचं बरं वाटलं. नऊ वर्षं तुझी चाल घरात ऐकली होती, त्यात मोठं काय होतं?

पुढे गुन्हा काही सिद्ध झाला नाही. पण घरात सिद्ध व्हायला पुरावा कुठे लागतो? तुझ्या नवऱ्याने तुझी बॅग दाराबाहेर ठेवली तेव्हा मी आतल्या खोलीत रेडिओचा आवाज वाढवला. ठकी इकडेच राहिली.

तरीही मी तुला उत्तर लिहिलं नसतं. तीन पत्रं पचवली, चौथंही पचवलं असतं. पण रविवारी दुपारी तुझा नवरा जेवायच्या टेबलाशी ठकीला घेऊन बसला होता. ठकी कुणाकडे राहणार ते ठरवायला पुढच्या सोमवारी न्यायाधीश तिच्याशी बोलणार, त्याची तयारी.

"जजकाकांनी विचारलं, त्या दिवशी काय झालं, तर काय सांगायचं?"

"सव्वातीनला आईच्या चपला वाजल्या," ठकी म्हणाली. "रबरी. डावीचा पट्टा सैल."

माझीच वाक्यं, माझ्याच चालीत. मी म्हणालो, "ठके, तू होडीत होतीस."

"हो. पण तुम्ही सांगितलंत ना, म्हणून मग मलापण ऐकू आलं."

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका," तुझा नवरा म्हणाला.

नाही पडलो. चहा संपवला. तो उठून गेल्यावर ठकी माझ्या कानाशी आली. "आजोबा, आईने भुंग्याला कुठे ठेवलंय ते मला सांगितलं तर मी नाही रागावणार तिच्यावर. तुम्ही कळवाल तिला?"

कळवलं. आता बाकीचं.

सव्वातीनला मी काही ऐकलं नाही. गुणगुण नाही, चपला नाहीत, चेन नाही. तू खांद्याला धरून हलवलंस तेव्हा मला जाग आली. पस्तीस वर्षं ग्राइंडर आणि हातोडे ऐकून माझा डावा कान पार गेलाय, उजवा निम्मा. सहलीच्या दोन वर्षं आधी, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून दूरच्या गावात जाऊन कानाचं मशीन घेतलं. केस वाढवले ते मशीन लपवायला. तू चिडवायचीस, बाबा उतारवयात शौकीन झाले. पडद्यामागच्या चपला ओळखल्या त्याही मशीनमुळेच. आणि परवाच्या गाडीचं बेअरिंग? तिच्या मालकाने आदल्या रात्री फोनवर सगळं सांगितलं होतं.

कानाच्या तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. त्यावर तारीख आहे, डॉक्टरची सही आहे. या पत्राच्या प्रत्येक पानावर मी सही केली आहे. मिळताच वकिलाकडे नेऊन दे. सोमवारी मी येईनच, पण माझ्यावर विसंबू नकोस. चार माणसं बघायला लागली की माझ्या तोंडून काय निघेल याची मला खात्री नाही. त्यांनी विचारलं तर म्हणीन, सून आहे, माया येते, म्हणून खोटं लिहिलं. मी मला ओळखून आहे. कागद माझ्याआधी पोचला पाहिजे.

इथेच थांबलो असतो तर तू म्हणाली असतीस, म्हातारा बहिरा होता, त्याला झोप लागली, लाजेने खोटं बोलला. इतकं मलाही परवडलं असतं. पण वकील तुला विचारेल, चेन कुणी उघडली?

मी उघडली. भुंगा एक चाळीसला उठला होता. मशीन कानात होतं, त्यामुळे मला त्याचं रडणं चांगलं मोठ्याने ऐकू आलं. मी चेन खाली ओढून आत डोकावलो. तो उभा होता, दोन्ही हात वर करून, 'आई, आई' करत. मी म्हणालो, झोप. चेन तशीच सोडून मी खुर्चीत येऊन बसलो. तो रडतच होता. मी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. मग मला छान झोप लागली.

भुंग्याचा आजोबा