रुंद बाजूने धरलेला शंख

३ मार्च
बाथरूममधली बादली गेली! ह्यांनी आज बुडी मारून जिवंत शंख आणलाय — शंकूच्या आकाराचा, मुठीत मावेल एवढा. प्रवाळाखाली वाळूत पुरून बसला होता म्हणे. बादलीत वाळू घातली तर लगेच आत शिरला, वर नुसती सोंड. आणि रंग? मळकट तपकिरी! "ह्याच्यासाठी जीव धोक्यात घालता?" तर म्हणाले, "वरची साल खरवडली की बघ. खाली जाळीची नक्षी असते. गिऱ्हाईक वेडं होतं."

४ मार्च
त्याला जिवंत मासा लागतो. टाकला. सोंडेतून बारीक काटा मारला — मासा जागच्या जागी ताठ! मग तोंड पिशवीसारखं पसरून अख्खा गिळला. सासूबाई म्हणाल्या, "गोगलगाय नि पोटात पाय!" मला शिसारी आली. हे हसतात. "रुंद बाजूने धरायचं, बस. तोंड निमुळत्या टोकाला असतं." इथले सगळे पाणबुडे तसंच धरतात.

६ मार्च
साल खरवडत होते. रुंद बाजूनेच धरला होता! सोंड मागे वळली आणि तळहाताला टोचलं. "मुंगी चावल्यासारखं वाटलं," म्हणाले. थोड्या वेळाने ओठ जड झाले, मग पापण्या मिटल्या. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून दवाखान्यात नेईपर्यंत श्वासही थांबत आला. आता मशीन श्वास देतंय. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, ह्या विषावर उतारा नाही. औषधच नाही!
"मग आम्ही काय करायचं?"
"वाट बघायची."

७ मार्च
काही हालत नाही. डोळ्यांवर बॅटरी मारली तरी बाहुली तशीच. डॉक्टरीण बाई म्हणतात, विषानेही असं होतं, इतक्यात काही सांगता येत नाही. पण भाऊजींनी ठरवूनच टाकलं — "दादा गेला. हवा भरतायत नुसती."
सासूबाई उशाशी उभ्या राहून रडल्या. "सोडवा हो माझ्या लेकराला. काढा ती नळी." मी म्हटलं, थांबू या ना. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका." मध्ये? माझाच नवरा ना तो! सासूबाईंवर चिडताही येत नाही. त्यांना बघवत नाही, एवढंच.
उद्या सकाळी पुन्हा बोलायचं ठरलंय. कपडे न्यायला घरी आले तर शंख वाळूत निवांत. बादलीला लाथ मारावीशी वाटली. तेही जमलं नाही. भीती वाटते त्याची.

८ मार्च
बोट हललं! डॉक्टरीण बाईंनीही पाहिलं!!

११ मार्च
नळी काढली. आवाज घोगरा आहे, पण आहे. सासूबाई सकाळपासून ह्यांचे पाय चेपत बसल्या होत्या, नुसत्या हसत-रडत. त्या चहा आणायला गेल्या तसं ह्यांनी मला जवळ बोलावलं.
"मला सगळं ऐकू येत होतं," म्हणाले. "आईला सांगू नकोस."