उतरती माळ

चि. भागवत, तुम्हा सर्वांना आशीर्वाद.

नागपुरात दवाखान्यात आमचं ठीक आहे. तुझे भाऊजी आज मऊ भात खाऊन मला टोमणे मारायला लागले, म्हणजे जिवंत आहेत.

तू आणलेली काविळीची माळ सैल होत त्यांच्या पोटापर्यंत आली, तेव्हा "उतरली कावीळ!" म्हणत आसेगावात पेढे वाटलेस. पुढच्याच आठवड्यात त्यांनी परातभर रक्त ओकलं. त्यावर तू म्हणालास, उष्णता आहे, गुलकंद द्या! आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी तुला बाकावर उभं केलं असतं.

डॉक्टर काय म्हणाले ते ऐक. दारूने यकृत दगडासारखं झालं की आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून पुढे जात नाही. पाट तुंबला की पाणी बांध फोडून भलतीकडे शिरतं, तसं ते अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत शिरतं. त्या फुगतात आणि फुटतात. ह्यांच्या शिरांना रबरी कडी घातलीत. पुन्हा फुटणार नाहीत, असं कोणीच म्हणत नाही.

वहिनीची पाठ कशी आहे?

काल तू फोनवर हसत म्हणालास, "ताई, माहे बी डोये पिवळे झाले. माळ घातली ना, उतरून राह्यली." मी ओरडले तशी तुझी रेंज गेली. म्हणून हे पत्र जावई हरीओमच्या हाती देते.

बाटलीला तुम्ही दोघे सोबतच बसायचात. पाय सुजलेत का? शौचाला डांबरासारखं काळं होतं का? ते आतलं रक्त असतं. हे वहिनीला सांगू दे, तू खोटं बोलशील.

माळ पोटापर्यंत उतरल्यावर काय होतं, ते मी पाहिलंय. हे वाचशील तेव्हा हरीओम तुझ्या दारात उभा असेल. त्याच्यासोबत आजच नागपूरला निघ.

तुझ्यावर चिडलेली,
ताई