सातशे बारा आणि तुझं ‘हं’

चि. ठोंब्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मंगळवार, चौदा मार्च, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटं. ही वेळ लिहून ठेव. याच वेळी मी तुला फोनवर माझ्या रक्ताचे आकडे वाचून दाखवले, तू ‘हं’ म्हणालास आणि फोन ठेवलास. बाकी तुझी तब्येत बरी असेल, तुझ्या बायकोची कंबर ताळ्यावर आली असेल आणि लेकीचा अभ्यास चालू असेल, अशी आशा करते. (तू माझी चौकशी केली नाहीस म्हणून मी तुझी करू नये, असं थोडंच आहे? आम्हाला कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिष्टाचार शिकवले. तुझ्या शाळेत गोट्या चांगल्या शिकवल्या, एवढंच मला आठवतं.)

आता पहिल्यापासून सांगते. जिना चढताना दम लागतो म्हणून डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं. सोमवारी सकाळी साडेसातला प्रयोगशाळेतली बाई घरी आली. माझ्याच वयाची, चष्म्याला दोरी लावलेली, आणि तरी मला म्हणते, “मावशी, मूठ आवळा.” मी म्हटलं, “बहिणाबाई, आवळली.” मग शीर सापडेना. डाव्या हातात दोनदा, उजव्यात एकदा शोधमोहीम झाली, तेव्हा कुठे दोन नळ्या भरल्या. आणि त्यानंतर त्या बाईनं काय केलं असेल? नळी हातात धरून पाच-सहा वेळा नुसती उलटी-सुलटी केली, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी. तेहेतीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत मुलींच्या कानीकपाळी ओरडत आले की नळीतलं द्रव्य नीट मिसळल्याशिवाय प्रयोग करू नका. मला ते बघवेना. तिनं पट्टी शोधायला पिशवीत डोकं घातलं, तेवढ्यात मी दोन्ही नळ्या उचलल्या आणि चांगल्या मिनिटभर खळाखळा हलवल्या. वर फेस आला. तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. बाई “अहो, अहो!” करत राहिली, पण कामचुकार माणसं असं म्हणतातच.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्यात दोन आकड्यांपुढे चांदण्या. एसजीओटी चाळिसाच्या आत असावं, ते एकशे सहा. एलडीएच अडीचशेच्या आत असावं, ते सातशे बारा! (सातशे बारा, ठोंब्या. माझ्या एकाही विद्यार्थिनीनं कुठल्याही विषयात मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट मजल मारलेली नाही.) वाचनालयात जाऊन जाडजूड पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की ही एन्झाइमं मुळात पेशींच्या आत राहतात, आणि पेशी फुटल्या की रक्तात येतात. म्हणजे कुणाचं तरी घर कोसळलंय हे कळतं, कुणाचं ते कळत नाही. यकृत असेल, हृदय असेल, स्नायू असतील, मूत्रपिंड असेल. मी एकेकावर बोट ठेवत गेले आणि जिथे बोट ठेवलं तिथे दुखायला लागलं. रिपोर्टच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात आणखी एक ओळ होती: ‘रक्तपेशी फुटलेल्या आढळल्या.’ संपलं! मला वाटलं, यकृतही नाही आणि हृदयही नाही, माझं रक्तच आतल्या आत फुटतंय.

म्हणून तुला फोन केला. घरात एक डॉक्टर असावा म्हणून आईनं तुला शिकवलं. तू हाडांचा झालास ते जाऊ दे, पण यकृत कुठल्या बाजूला असतं एवढं तरी तुला माहीत असणारच. आणि तू म्हणालास, ‘हं.’ तुझं ‘हं’ मी चांगलं ओळखते. बाबांच्या यकृताचा रिपोर्ट आला तेव्हा तू खिडकीशी उभा राहून अगदी अस्संच म्हणाला होतास, आणि आपण दोघांनी पुढे तीन महिने, ते जाईपर्यंत, त्यांना ‘काही नाही हो, थोडी सूज आहे’ म्हणून सांगितलं. मला तेच आठवलं. आता मला कोण सांगतंय थोडी सूज आहे म्हणून, याची मी वाट बघत बसले.

तेव्हापासून काय काय केलं, ऐक. डोळे पिवळे झालेत का ते आरशात पाहिलं. झाले होते. खिडकीला पिवळे पडदे आहेत हे लक्षात आल्यावर ते काढून पुन्हा पाहिलं. तरी थोडे वाटलेच. कपाट आवरलं (मागाहून तुझी बायको उघडेल आणि म्हणेल, बाई शाळेत एवढ्या कडक आणि मोजे हे असे!). सिस्टर म्हणायच्या, भीती वाटली की पाठ ताठ करावी. पाठ ताठ केली. भीती तशीच, वर पाठीत उसण भरली, आणि ते स्नायूंचं एन्झाइम की काय म्हणून नवा घोर लागला. हसू नकोस. 

काल दुपारी शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. ही माझीच विद्यार्थिनी, नववीत चंचुपात्र फोडलेली. तिनं तळाची ओळ वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, “बाई, खरं सांगा, नळ्या कुणी हलवल्या?” मी म्हटलं, मी, आणि व्यवस्थित हलवल्या. त्यावर ही टेबलावर डोकं टेकून हसली! म्हणे लाल पेशींतही हीच एन्झाइमं असतात, त्या नाजूक असतात, आणि मी त्या नळीतच फोडल्या. ती बाई हळू उलटत होती तीच पद्धत बरोबर. मग मी विचारलं, म्हणजे मला काही नाही ना? तर हसणं थांबलं. म्हणाली, “बहुतेक नाही, पण बाई, दम का लागतो ते अजून कळायचंय. पुन्हा रक्त द्या, मग सांगते.” हे ‘बहुतेक’ तुझ्या ‘हं’चंच शिकलेलं भावंड.

तरी वरील ‘हं’चा नेमका अर्थ काय, तो कुठल्या आकड्याला उद्देशून होता आणि बाबांच्या वेळच्या ‘हं’शी त्याचा संबंध आहे की नाही, याचा लेखी खुलासा शनिवार, अठरा मार्च, दुपारी बारा वाजेपर्यंत माझ्या हाती पडला पाहिजे.

तुझी,
ताई

ता. क. तुझ्या बायकोचा काल संध्याकाळी फोन आला होता. मंगळवारी मी आकडे वाचत होते त्या वेळी तू एका पेशंटच्या पायाला प्लास्टर घालत होतास, फोन खांद्यात धरला होतास आणि तो खाली पडला, असं तिनं सांगितलं. नंतर चारदा फोन केलास, तो मी उचलला नाही, हेही खरं. मला वाटलं, उचलला तर सांगशील.

ता. क. दुसऱ्यांदा रक्त आज सकाळी देऊन आले. सुई निघाल्याबरोबर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. त्या बाईची माफी मागितली. तिनं मला पुन्हा मावशी म्हटलं, मी ओ दिली.

ता. क. रिपोर्टचं पाकीट उद्या संध्याकाळी येईल. मी ते उघडणार नाही. शनिवारी सकाळची गाडी साडेनऊला पोचते. लेखी खुलासा पोस्टानं पाठवू नकोस. इथे ये, पाकीट उघड, आणि काय असेल ते माझ्यासमोर बसून लिही. थोडी सूज आहे, असं मात्र लिहू नकोस.