वाकून घेतलेलं माप

तीर्थरूप आत्या,

वैशाखऱ्याहून नम्रता पाया पडते (मनातल्या मनात, कारण कंबर धरली आहे). खर्डीला सगळी बरी असतील आणि तुझा गुडघा निदान पायरी चढू देत असेल, असं धरून लिहिते. फोन करत नाही, कारण फोनवर बोलायला लागले की बाबा शेजारी येऊन बसतात.

तू मला शाळेच्या आधी बांबू सोलायला शिकवलंस, तेव्हा सगळी इरली एकाच मापाची व्हायची. यंदा मी प्रत्येक बाईला तिच्या अंगाचं इरलं करायचं ठरवलं. बाबांनी या भाताच्या आवणीपुरती मुभा दिली आहे. बायकांनी इरली परत केली तर मी आसनगावच्या गोदामात नोकरीला जायचं. मग घरोघरी फिरून मापं घेतली, बायकांना ताठ उभं करून. (आवणी वाकून करतात, हे पहिलं इरलं मैनाकाकीच्या नाकावर घसरल्यावर आठवलं.) पुन्हा सगळ्यांना कोरड्या अंगणात वाकवलं. ताराबाई म्हणाली, "माप घेतेस का आवणी शिकवतेस गो?" मैनाकाकीला आत मोबाइलसाठी खण हवा होता. भिमीला खास काही नको होतं, फक्त ताराबाईपेक्षा बोटभर लांब हवं होतं.

आवणीच्या पहिल्या दिवशी भाकरी खायला बसताना साऱ्यांनी इरली बांधावर एकावर एक टाकली, आणि सर आल्यावर हाताला लागलं ते उचललं. मैनाकाकीचा फोन भिमीच्या पाठीवर वाजला. भिमीने तो घेऊन काकांना सांगितलं, "भात तुमीच टाका, आमाला उशीर हाय." (त्यांनी टाकला. काकी म्हणते, खण कामाचा आहे.)

संध्याकाळी मी प्रत्येकीला विचारलं, नीट बसलं का? ताराबाई म्हणाली, "भिजले नाय. अजून काय पायजे?" आता वाटतं, इरलं एकच मोठं करावं आणि आत दोरी द्यावी, जी उचलेल ती आपल्यापुरती आवळेल.

तुझी,
नम्रता

ता. क. एकही इरलं परत आलं नाही, पण स्वतःचं कुणी घातलंही नाही. बाबांना 'सगळ्यांना बसलं' असं सांगितलं तर मला जेवण जायचं नाही. तेव्हा तूच त्यांना फोन करून सांग, पोरीला अजून एक आवणी दे.

आणखी एक. घरात डिंक नव्हता, म्हणून पाकीट उघडंच बाबांकडे दिलं, खर्डीला जाणाऱ्या कुणाच्या हाती पाठवायला. ते ओट्यावर बसून सगळं वाचून परत आले. म्हणाले, "दोरीची गाठ पुढं घे. मागं हात पोचत नाय."

फोन नको करूस.