पाय टेकला की संपलं

सर, आज लोणी काळभोरला आपला संघ हरला आणि मला तुमचा राग आलाय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर रागवणंही आता सोयीचं झालंय. उलट उत्तर येत नाही.

सायक्लोक्रॉस नावाची शर्यत होती. तुमच्या वेळी हे प्रकरण नव्हतं. शेतातून, चिखलातून, आडव्या लावलेल्या फळ्यांवरून सायकल न्यायची. जिथे चालवता येत नाही तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळत सुटायचं. जी वेळेवर उतरते ती जिंकते. ऐकूनच तुमच्या कपाळाला आठी पडली असती. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे शेतातल्या चढाचा नुसता काला झाला होता. आपल्या संघात आता चौघी आहेत. त्यांतली एक अमरावतीकडची, खराडीला कंपनीत नोकरी करणारी, पहाटे माझ्याबरोबर बोपदेव घाट चढून मग ऑफिस गाठणारी. शर्यतीत पहिल्या येणाऱ्या तिघींची राज्याच्या संघात निवड होणार होती, आणि पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

सुरुवातीला ती दुसरी होती. सरावात उतरायचं शिकलो होतो, फळ्यांपाशी ती झकास उतरलीही. मग तो चढ आला. बाकीच्या मुली सायकली खांद्यावर घेऊन धावत वर गेल्या, आणि आपल्या चौघी मात्र सीटवर बसून, तीही. गिअर सगळ्यात हलका, पाय गरगर फिरताहेत, चाक जागच्या जागी चिखल उडवतंय. बांधावर शेतमालक उभे होते. ते मला म्हणाले, "ओ मॅडम, उतरायला सांगा की पोरीला. सायकलीनं नांगरट करायची हाय का?" मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते, उतर म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दातओठ खात बसूनच राहिली. दर फेरीला तेच. चौथी आली. चौथी, सर.

नंतर ती बादलीतल्या पाण्यानं सायकल धूत होती. मी जाऊन विचारलं, कान घरी ठेवून आली होतीस का. तिनं फडकं पिळलं आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगता ना, चढावर पाय टेकला की संपलं."

मी कुठे सांगते? तुम्ही सांगायचात. बोपदेवच्या शेवटच्या वळणावर माझा पाय टेकला, तेव्हा तुम्ही मला परत कोंढव्यापर्यंत खाली पाठवलं होतं. मी रडत रडत पुन्हा वर आले, तर तुम्ही म्हणालात, "आता पोहोचलीस. मघाशी नुसती आली होतीस." त्या एका वाक्यावर मी फुशारून गेले आणि पुढे मुलींना तेच पाजत राहिले. डांबरी रस्त्यावर ते खरं असेल, चिखलात नाही. एवढी साधी गोष्ट शर्यतीआधी माझ्या डोक्यात येऊ नये याचा संताप होतो.

परतताना टेम्पोत मला गुलटेकडीचा चढ आठवत होता. तुमच्या दुखण्यानंतरची गोष्ट. मी स्वारगेटहून सुटलेल्या बसमध्ये खिडकीशी बसलेय, आणि खाली तुम्ही चढाला सायकल हातात धरून चालताय. दुसऱ्या हातात भाजलेलं कणीस. घाई नाही, शरम नाही, मजेत दाणे खात चालला आहात. बस अगदी शेजारून जाते. मी मान खाली घालते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज ती माझ्या शेजारीच बसली होती, बुटांचा चिखल खरवडत. हे वाक्य ज्यांचं, त्यांना मी चढावर चालताना पाहिलंय, हे अगदी ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. तुमची अब्रू राखली असं लिहिणार होते, पण राखली ती माझी.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. उद्या पहाटे ती बोपदेवला येणारच, ती चुकवत नाही. शेवटच्या वळणावर तिच्यादेखत मी पाय टेकायचं ठरवलंय. मला जमेल असं वाटत नाही.