साखळी खराब नव्हती, काका

करामा, दुबई
१९ ऑगस्ट

तीर्थस्वरूप सुरेशकाकांना स्वानंदीचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? अनुपमाकाकूची शुगर तपासून झाली का? (रिपोर्ट पाठवा. "नॉर्मल आहे गं" हा रिपोर्ट नव्हे.) मी बरी आहे. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही "खलास, मी बघतो" म्हणता आणि खरोखर बघता. परवा तुम्ही जे बघितलंत, त्याच्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही.

आधी घडलं ते क्रमाने सांगते. बाहेर ऑगस्ट असला तरी मी काम करते त्या बर्फात खेळायच्या हॉलमध्ये बाराही महिने उणे चार अंश. तिथला बर्फ ढकलायला नवा छोटा ट्रॅक्टर आला आणि उतारावर घसरू लागला, म्हणून चाकांना साखळ्या निवडायचं काम माझ्याकडे आलं. शिडीसारख्या साखळीचे आडवे दुवे त्या टायरच्या खाचांत बसून निरुपयोगी होतात, म्हणून मी चौकटीच्या विणीची निवडली. मडगार्डपाशी जेमतेम दोन बोटं जागा, तेव्हा कडी बारीक हवी, हेही पाहिलं. तुमच्या अल कुसैसच्या गोदामातून अगदी तीच आली. मागच्या आवारात पंचेचाळीस अंशांत मी टायर मोजला, साखळी तिथेच ताणून बसवली आणि ट्रॅक्टर आत पाठवला. दोन तासांत टायरमधली बारा पौंड हवा थंड होऊन आठवर आली, टायर बसला, साखळी सैल झाली. (हे गणित कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतं. मला त्यात पैकीच्या पैकी होते.)

साखळी मडगार्डवर आपटून निघाली आणि ट्रॅक्टर चाळीस मीटर, चालत्या माणसाच्या वेगाने, घसरत गेला. ड्रायव्हर फरदीन पूर्ण वेळ हॉर्न वाजवत होता. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. कुणाला खरचटलंही नाही. मुलांसाठी केलेला बर्फाचा उंट तेवढा गेला. एक मुलगी मात्र "अगेन, प्लीज" म्हणत माझा कोट ओढत होती.

मी त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला: मोजमाप चुकीच्या तापमानाला घेतलं, जबाबदारी माझी. नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे उरलेत, तरी लिहिला. रात्री तुम्हाला फोनवर सगळं सांगितलं. सकाळी माझ्या वरिष्ठ नौशीन मॅडमच्या टेबलावर अहवालाशेजारी तुमचं पत्र. लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह. "माल आमचाच खराब निघाला, पोरीचा काही दोष नाही, ती माझ्या सख्ख्या भावाची लेक."

काका, माल खराब नव्हता. तुम्ही वीस वर्षं चालवलेल्या दुकानाच्या नावाने, न घडलेला गुन्हा कबूल केलात. सप्लायरच्या यादीतून तुमचं नाव काढायचा कागद तयार आहे. मॅडमनी दोन्ही पत्रं माझ्यापुढे सरकवली आणि शांतपणे विचारलं, "अंकल सच बोल रहे हैं या तुम?"

मी म्हणाले, "मैं." त्यांनी तिसरा कागद काढला. खरेदीच्या वेळी मी भरलेला फॉर्म. सप्लायरशी नातं: नाही.

(तुमचा दर सर्वांत कमी होता आणि माल अचूक होता. नातं लिहिलं असतं तर यातलं काहीच कुणाला खरं वाटलं नसतं, असा माझा हिशेब. तोही चुकला.)

तुम्ही मला वाचवायला गेलात हे कळतं. पण पुढच्या वेळी आधी विचारा. काकूला नमस्कार, तुमच्या सृष्टीला आशीर्वाद.

तुमची
स्वानंदी

ता. क. फॉर्म आज नव्याने भरला. नात्याच्या रकान्यात "काका" लिहिलं. खाली नातेवाइकाची सही लागते, म्हणून गुरुवारी दहा वाजता तुम्हाला यावं लागेल. स्वेटर घालून या आणि मॅडमसमोर फक्त खरं बोला. अवघड आहे, पण पाचच मिनिटं लागतील.

ता. क. २. समजा नोकरी गेलीच, तर गोदामात मापं घ्यायला तुम्हाला कुणी हवं आहे का? अनुभवाचा दाखला नौशीन मॅडम देणार नाहीत. तुम्ही देऊ नका.