चाळीस मिनिटांची बॅटरी

धरणकाठ, गारगोटीजवळ
१ सप्टेंबर २०२५

चि. बाळासो यास आक्काचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा कागद. डॉक्टरांनी उजव्या खांद्याला वल्हं बंद सांगितलंय. ते कुणीतरी मच्छीमार संस्थेत पोचवलं आणि चेअरमन पिराजी भर सभेत म्हणाला की, अंबूबाईनं घटस्थापनेच्या आत एकटीनं पल्याड जाऊन जाळी काढून दाखवावी, न्हायतर होडीचा परवाना सोडावा. वीस वर्षं मी या पाण्यावर जगले. उठून सांगितलं, वल्ह्यानं न्हाय तर मोटारीनं जाईन, पण जाईन.

तुझी हयात मोटारी दुरुस्त करण्यात गेली, म्हणून तुलाच विचारते. होडी बारा फुटी, फायबरची. जाळ्यांपर्यंत चाळीस मिनिटं. पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे खुंट. बॅटरीवरची मोटार किती जोराची घेऊ, दांडा केवढा, बॅटरी कुठली? मासेमारी सोड असं लिहिणार असशील तर कागद वाया घालवू नकोस.

लोभ आहेच, तो वाढव. अक्कल शिकवू नकोस.
तुझी, आक्का


कोल्हापूर
५ सप्टेंबर

ती. आक्कास, बाळासोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ही हसली, मी नाही. साठी उलटली, भावोजी नाहीत, पाण्यात एकटीनं काय करतेस? इथं वरची खोली रिकामी आहे. पण तू ऐकणारी नव्हेस.

मोटार पंचावन्न पौंड जोराची घेतलीय. त्याहून हलकी वाऱ्यात होडी जागची हलवत नाही. मागच्या फळीला बसते. दांडा आखूड, पातं बुडेल एवढाच, म्हणजे खुंटांना लागणार नाही. बॅटरी माझ्या दुकानातली. लहान आहे, खांद्याला पेलेल. दोन्ही एसटीनं गारगोटीला पाठवतोय. जपून राहा.

तुझा, बाळासो


धरणकाठ
११ सप्टेंबर

चि. बाळासो यास,

मोटार झकास आहे. शेजारच्या सयाजीचं गुऱ्हाळ दसऱ्यापर्यंत बंद, म्हणून त्याची काहील पाण्यानं भरली, कडेला फळी आवळली आणि मोटार लावली. गूळ शिजायच्या कढईत पाणी असं गरगरायला लागलं की सयाजीची सून पदर तोंडाला लावून हसत होती. मी घड्याळ घेऊन बसले. चाळिसाव्या मिनिटाला पातं थांबलं. म्हणजे जाळ्यांपर्यंत जायचं आणि तिथंच बसायचं. परत आणायला पिराजीची होडी येणार.

बाळ्या, मोटारीच्या कामात तुझ्या हातून चूक होत नाही. तीस वर्षांत झाली नाही. हे तू मुद्दाम केलंस. पिराजीचा एवढा राग आला नव्हता, तो परका. नीट बॅटरी पाठवणार असशील तर पाठव, नाहीतर याच खांद्यानं वल्हवीन. बघतेच कोण अडवतो ते.

लोभ असावा असं आज लिहवत नाही.
आक्का


कोल्हापूर
१४ सप्टेंबर

ती. आक्कास, पाया पडतो.

होय, मुद्दाम केलं. वाटलं, काठाजवळ चालवून बघशील, बंद पडेल आणि नाद सोडशील. तू तशीच पल्याड गेली असतीस तर, या विचारानं घास उतरत नाही. आईमागं मला माहेर म्हणून तूच आहेस गं. ते पाण्यात जायला नको, एवढंच डोक्यात होतं.

मोठी बॅटरी घेऊन रविवारी येतो. अडीच तास चालते, उचलायला दोघं लागतात. होडीत मीही बसेन.

शिव्या दे, पण लोभ सोडू नकोस.
बाळासो


धरणकाठ
२३ सप्टेंबर

चि. बाळासो यास अनेक आशीर्वाद.

होडीत घेतलं नाही म्हणून रुसून न जेवता गेलास. भाऊ बसवून आणली असं पिराजी म्हणाला असता, म्हणून घेतलं नाही. पोहायला येत नसताना तू विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होतास, ते मला पार जाळ्यांपर्यंत डोळ्यांपुढं होतं. जाळी काढताना खांदा ठणकत होता, तरी मी हसत होते.

तू गेल्यावर पिराजी म्हणाला की, ही मोटारीनं गेली, हातानं न्हाय. मी विचारलं, मग संस्थेच्या लाँचचं इंजिन तू हातानं फिरवतोस व्हय? परवाना माझ्याकडंच आहे. मोठी बॅटरी सयाजीची सून आणि मी मिळून उचलतो.

तुझी ती लहान बॅटरी मात्र परत मागू नकोस. चार्ज करून होडीतच ठेवलीय. मोठीनं कधी दगा दिलाच, तर काठापर्यंत यायला चाळीस मिनिटं लागतात. तेवढी तू दिलीयस.

राग माझा संपला, तुझा तू संपव. रविवारी जेवायला ये.
तुझी, आक्का